दगड झालेल्या लाकडातून जुनं हवामान कसं वाचायचं: गोव्यात राहून करता येईल असा अभ्यास

गोव्याच्या मातीत दगड झालेलं झाड शोधायला निघालात तर हाती बहुतेक जांभा लागेल, नाहीतर खाणपट्ट्यातला पट्टेदार लोहदगड. डिचोली, सांगे, केपे या भागांतले आपले मूळ खडक साधारण २५० कोटी वर्षांच्या पलीकडचे. ज्यांना झाडं म्हणावं अशी झाडं पृथ्वीवर आली ती सुमारे ३८.५ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला पायाचा खडक तयार झाला तेव्हा लाकूड नावाची वस्तूच नव्हती. पूर्वेला घाटमाथ्याच्या कडेला दख्खनच्या लाव्ह्याची थोडीशी टोकं गोव्यात उतरतात. बाकी वर जांभ्याचं कवच आणि नदीकाठचा गाळ.

तरीही हा अभ्यास सुरू करायला गोवा चांगली जागा आहे असं मी ठामपणे म्हणेन. दगडातलं लाकूड वाचायचं तर आधी जिवंत लाकूड वाचता यायला हवं, आणि त्यासाठी लागणारं सगळं इथे हाताशी आहे: वखारीतला सागवान, वाऱ्याने पडलेला माड, परसातला फणस, बंदरावरून येणारी पाइनची खोकी. पुढचा लेख क्रमानेच वाचा. मधली पायरी सोडून थेट दगडाला भिंग लावलं तर रंगीत रेघांपलीकडे काही दिसणार नाही.

लाकडाचा दगड होतो म्हणजे काय

पुराच्या गाळात, ज्वालामुखीच्या राखेत किंवा लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यात ओंडका पटकन गाडला गेला, तर त्याला हवा मिळत नाही आणि कुजण्याचा वेग मंदावतो. भोवतालच्या पाण्यात सिलिका (वाळू आणि गार ज्याची बनते तो पदार्थ) विरघळलेली असेल तर ती लाकडाच्या पेशींत शिरते, आधी भिंतींना चिकटते, मग पोकळ्या भरते. ती ओपल, कॅल्सेडनी किंवा गारेच्या रूपात घट्ट होते. पेशींच्या भिंतींचा आराखडा टिकतो, मूळ पदार्थ बराचसा निघून जातो. याला लाखो वर्षं लागलीच पाहिजेत असं नाही. जपानमध्ये तातेयामा इथल्या सिलिकायुक्त गरम झऱ्यात ठेवलेल्या लाकडात ७ वर्षांत वजनाच्या जवळजवळ ४० टक्के सिलिका जमल्याचं संशोधकांनी मोजलं आहे.

यातून एक गोष्ट पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा. दगडाचा रंग हा झाडाचा नाही. लाल, पिवळा, तपकिरी रंग लोहाचा. काळा मँगनीजचा किंवा उरलेल्या कार्बनचा. हिरवा बऱ्याचदा क्रोमियमचा. हे सगळं नंतर झिरपलेल्या पाण्यातून येतं. लाल दगड म्हणजे उष्ण हवामान, असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात, आणि तो पूर्ण चुकीचा आहे. झाड जगत असतानाचं हवामान फक्त रचनेत सापडतं: वलयं कशी आहेत, पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या किती मोठ्या, किती दाट आणि कुठे मांडलेल्या आहेत.

जवळ काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, सोनार वापरतात तसलं. मॅक्रो फोटो काढणारा मोबाइल. मिलिमीटरची पट्टी, शक्य तर अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली. कागद कापायचं नवं पातं. पाण्याची फवारणी. चकाकी नसलेली बाजू असलेला फरशीचा तुकडा, लोहचुंबक आणि लोखंडी खिळा. वही. एवढ्यावर बरंच काम भागतं. सूक्ष्मदर्शकाची वेळ शेवटी येते.

पहिली पायरी: सागवान, माड आणि पाइनचं खोकं

सागवानाचा एक छोटा ठोकळा वखारीतून किंवा ओळखीच्या सुताराकडून मागून आणा. करवतीने कापलेल्या टोकावर तंतू चेपलेले असतात, त्यामुळे काही दिसत नाही. नव्या पात्याने आडव्या छेदाची, म्हणजे खोड आडवं कापल्यावर दिसणाऱ्या टोकाची, बोटभर जागा एकाच ओढीत, पातळ पापुद्रा निघेल अशी तासा. ओलं बोट फिरवा. आता भिंग डोळ्याला चिकटवून धरा आणि ठोकळा जवळ आणा; भिंग ठोकळ्यावर धरून डोळा लांब ठेवला तर अर्धंच दिसतं.

सागात तुम्हाला भोकांची एक स्पष्ट ओळ दिसेल. भोकं म्हणजे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांची कापलेली तोंडं. मोठी, गोल, नुसत्या डोळ्यांनाही कळतील अशी भोकं शेजारी शेजारी बसलेली, काहींत पांढरट पिवळसर भुकटी भरलेली. त्या ओळीनंतर भोकं लहान आणि विरळ होत जातात, लाकूड घट्ट होतं, आणि मग अचानक पुन्हा मोठ्या भोकांची ओळ. एका ओळीपासून पुढच्या ओळीपर्यंत एक वलय, म्हणजे एका वर्षाची वाढ. ही मोठी भोकं पावसाच्या सुरुवातीला तयार झाली, झाडाला नवी पालवी फुटून पाणी वर खेचायची घाई होती तेव्हा. घट्ट भाग नंतरचा. मग साग पानं गाळून उन्हाळा काढतो आणि वाढ थांबते. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि तो आकृतिबंध या बोटभर जागेत उमटलेला असतो. याच गुणामुळे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले शास्त्रज्ञ जुन्या सागाच्या वलयांवरून मागच्या शतकांतला मान्सून अभ्यासत आले आहेत.

कधी एका वलयाच्या मध्येच एक अर्धवट, पुसट रेघ दिसते. वळवाचे पाऊस चांगले झाले, झाडाने वाढ सुरू केली आणि मग मान्सून लांबला, की अशी खोटी वलयं पडतात. खऱ्या वलयाची कड सलग आणि धारदार असते, खोट्याची विरघळल्यासारखी. हा फरक सागात ओळखता आला तरच दगडात ओळखता येईल, म्हणून इथे घाई करू नका. शक्य असेल तर आठ-दहा वेगवेगळे ठोकळे पाहा.

आता फणस. भोकं मोठी, संख्येने कमी, आणि सगळीकडे विखुरलेली. वर्षाची कड शोधावी लागते, बऱ्याचदा सापडतच नाही. फणस सदाहरित आहे, सागासारखी वाढ एकदम थांबवून एकदम सुरू करत नाही. साग आणि फणस एकाच परसात, एकाच पावसात वाढतात आणि तरी लाकूड इतकं वेगळं. म्हणजे एका झाडावरून हवामानाचा निकाल लावता येत नाही. दगडाच्या बाबतीत हीच सावधगिरी सगळ्यात महत्त्वाची ठरते.

माडाच्या खोडाचा आडवा छेद पाहिला की चित्रच बदलतं. वलयं नाहीत, साल वेगळी नाही, मऊ भागात काळपट ठिपके पसरलेले, कडेला दाट आणि मध्ये विरळ. पोफळही तशीच. हे ठिपके एकदा पाहिले की विसरत नाहीत, आणि दगडात ते दिसले की तुम्ही क्षणात ताडवर्गीय झाड ओळखाल.

पाइनचं लाकूड पॅकिंगच्या खोक्यांत मिळतं. त्यात भिंगाखाली भोकं नाहीत. फिकट पट्टा, मग गडद पट्टा, आणि गडद पट्ट्याची कड तासल्यासारखी सरळ. अधूनमधून राळेच्या नळीचा एखादा ठिपका. सूचिपर्णी झाडांत मोठ्या नळ्या नसतातच. अरुंद पेशींतून पाणी चढतं.

या चार नमुन्यांचे फोटो पट्टी शेजारी ठेवून काढा आणि वहीत लावा. पुढे प्रत्येक दगड याच चौघांशी ताडून पाहायचा आहे.

दुसरी पायरी: हातातला दगड खरंच लाकूड आहे का

गोव्यात या पायरीवर जास्तीत जास्त वेळ द्यावा लागतो, कारण आपल्याकडे लाकडासारखे दिसणारे दगड ढिगाने आहेत.

सगळ्यात फसवा आहे तो पट्टेदार लोहदगड, ज्याला खाण कामातले लोक बीएचक्यू (बँडेड हेमेटाइट क्वार्टझाइट) म्हणतात. हेमेटाइट या लोहखनिजाचे गडद आणि गारेचे फिकट थर एकावर एक, एकेक थर मिलिमीटरभर, कधी वळलेले, घडी पडलेले. तुकडा नदीत गुळगुळीत झाला असेल तर पाहणाऱ्याला सागवानी फळीची आठवण होते. शाळेतली मुलं हा दगड मोठ्या हौसेने ‘झाडाचा दगड’ म्हणून आणतात. त्यांना हिरमुसलं करण्याऐवजी पुढची तपासणी त्यांच्याच हातून करून घ्यावी. ती मुलांना फार आवडते. गडद पट्टा फरशीच्या खरबरीत बाजूवर घासा. लालसर तपकिरी रेघ उमटली तर हेमेटाइट. अश्मीभूत, म्हणजे दगड झालेलं, लाकूड अशी रेघ देत नाही. ते फरशीपेक्षा कठीण असल्याने उलट फरशीलाच ओरखडा पाडतं. चुंबक किंचित जरी ओढला गेला तरी संशय घ्या, त्या थरांत मॅग्नेटाइटही असतो. आणि वजन: लोहदगड हातात घेतला की अपेक्षेपेक्षा जड लागतो.

जांभ्यातल्या नळकांड्या हा दुसरा सापळा. चिरे काढतात त्या खाणीत वाकड्यातिकड्या पोकळ नळ्या, कधी फांदीसारख्या फुटलेल्या, लोहाच्या कवचाच्या दिसतात. काही खरोखर मुळांच्या वाटेने झालेल्या असतील, पण त्यांत लाकडाची पेशीरचना उरलेली नसते, त्यामुळे आपल्या कामाच्या नाहीत. तसं पाहिलं तर जांभा स्वतःच हवामानाचा पुरावा आहे: उष्णता, भरपूर पाऊस आणि ओल्या-कोरड्या ऋतूंची आलटापालट दीर्घकाळ चालली की खडकातली सिलिका वाहून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम मागे राहतं. तो वेगळ्या अभ्यासाचा विषय.

बाजारात मिळणाऱ्या चकत्यांत अकीकाच्या चकत्याही ‘लाकूड’ म्हणून खपवल्या जातात, कधी रंगवून. अकीकात एकात एक पट्टे असतात, पण पट्ट्यांना आडवं छेदून जाणारं काही नसतं.

निर्णायक खूण तीच आहे. खऱ्या लाकडात वलयांना काटकोनात छेदत, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या बारीक सरळ रेषा असतात. त्यांना मज्जाकिरण म्हणतात. पट्टे आहेत पण किरण नाहीत, भोकं नाहीत, तर ते लाकूड नाही असंच धरून चाला. फक्त ताडवर्गीय झाडांना ही कसोटी लागू नाही. तिथे विखुरलेले ठिपके शोधा. दगड ओला करून, तिरप्या उजेडात, दहापट भिंगाने पाहिलं तर चांगल्या नमुन्यात किरण आणि भोकं दोन्ही दिसतात. भोकं पांढऱ्या किंवा पारदर्शक कॅल्सेडनीने भरलेली, त्यामुळे पोकळीऐवजी टिंबं दिसतात. खिळ्याने ओरखडा पडत नसेल आणि दगड काचेला खरवडत असेल तर लाकूड सिलिकेचं झालं आहे.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) बांधाजवळ किंवा विहीर खणताना चिखलातून काळंठिक्कर लाकूड निघालं, तर ते अश्मीभूत नाही. ते नखाने दबतं, वाळलं की तडकतं. पण फेकू नका. त्याचं वय रेडिओकार्बनने, म्हणजे साधारण ५०,००० वर्षांच्या मर्यादेत, मोजता येतं, जे खऱ्या दगडी लाकडाच्या बाबतीत शक्य नसतं. असं लाकूड वाळू न देता ओल्या कापडात आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठातल्या भूशास्त्राच्या लोकांना दाखवा. शेजारी सिंधुदुर्ग-रत्नागिरीत जांभ्याखाली लिग्नाइट आणि काळ्या मातीचे थर आहेत, त्यांतल्या मायोसीन काळातल्या (सुमारे २.३ कोटी ते ५० लाख वर्षांपूर्वीच्या) परागकणांचा अभ्यास झाला आहे. कोकणपट्टीचं जुनं रान शोधायचं तर तो धागा सगळ्यात जवळचा.

तिसरी पायरी: छेद

विकत घेतलेला, मूळ ठिकाणाची नोंद असलेला तुकडा असेल तरच कापा. संग्रहालयातला, वारसा मिळालेला किंवा एकमेव नमुना कापू नये.

कापायची दिशा समजून घ्या. ओंडका आडवा चिरला की वलयं गोल दिसतात. हा आडवा छेद. गाभ्यातून सालीपर्यंत उभा चिरला की त्रिज्येचा छेद. वलयांना स्पर्श करत उभा चिरला की स्पर्शीय छेद. हवामानाचं जवळजवळ सगळं वाचन आडव्या छेदात होतं. झाडाचं कूळ ओळखायला बाकीचे दोन लागतात.

मार्बल-ग्रॅनाइटचं काम करणाऱ्या कारखान्यात हिऱ्याच्या पात्यावर हे काम होतं. कोरडं कापू देऊ नका. दगडी लाकूड म्हणजे बहुतांशी सिलिका. तिची धूळ फुप्फुसात गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पात्यावर पाणी सतत चालू हवं, कापणाऱ्याच्या आणि तुमच्या तोंडावर एन-९५ मास्क हवा. ही अट कारागिराला पटत नसेल तर दुसरा कारागीर शोधा.

घासणी ओल्या कागदावर, काचेच्या तुकड्यावर कागद ठेवून: २२०, मग ४००, ६००, १०००. प्रत्येक कागदानंतर दगड आणि हात दोन्ही धुवा, नाहीतर जाड कण पुढे जाऊन रेघोट्या पाडतात. आरशासारखी चमक लागत नाही. १००० नंतर दगड ओला केला की भोकं स्वच्छ दिसतात.

चौथी पायरी: वलयांचं वाचन

आधी एवढंच विचारा: वलयं आहेत का? अजिबात नसतील तर झाडाची वाढ वर्षभर फारशी थांबत नव्हती, म्हणजे ऋतूंमधला फरक कमी होता किंवा त्या जातीला तो जाणवत नव्हता. असतील तर वाढ थांबवणारं काहीतरी दरवर्षी येत होतं. ते थंडी होती, कोरडा उन्हाळा होता, की आणखी काही, हे वलयाच्या असण्यावरून कळत नाही. त्यासाठी शेजारचे पुरावे लागतात.

‘आणखी काही’ म्हणजे काय, याचं सुंदर उदाहरण अंटार्क्टिका. १९१२ साली दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट यांच्या तुकडीने बिअर्डमोर हिमनदीजवळ जीवाश्म असलेले दगड गोळा केले आणि मरेपर्यंत ते सोबत ओढले, सुमारे १६ किलो. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पानं निघाली, तीच वनस्पती जी आपल्या चंद्रपूरच्या कोळसापट्ट्यात सापडते. पर्मियन काळातल्या (सुमारे ३० ते २५ कोटी वर्षांपूर्वीच्या) अंटार्क्टिकाच्या खोडांत ठळक वलयं आहेत: पातळ भिंतींच्या पेशींचा रुंद पट्टा, आणि मग जाड पेशींच्या अगदी थोड्या ओळींवर वाढ एकदम तुटलेली. तिथे महिनोनमहिने सूर्य उगवत नव्हता. त्या खंडावर आज चाललेलं भारताचं संशोधन वास्को इथल्या राष्ट्रीय ध्रुवीय व समुद्री संशोधन केंद्रातून चालवलं जातं, म्हणजे या गोष्टीचं एक टोक हेडलँड सड्यावरच आहे.

वलयं असतील तर त्यांची रुंदी मोजा. गाभ्यापासून सालीकडे एका सरळ रेषेत, किरणांच्या दिशेने. फोटोवर पट्टी धरून मोजलं तरी चालेल. मग लागोपाठच्या दोन वलयांतला फरक काढा, त्याला दोघांच्या बेरजेने भागा आणि दोनाने गुणा. समजा तीन वलयं २.०, २.२ आणि १.० मिलिमीटरची आहेत. पहिल्या जोडीचं उत्तर ०.२ भागिले ४.२ गुणिले २, म्हणजे सुमारे ०.१०. दुसऱ्या जोडीचं १.२ भागिले ३.२ गुणिले २, म्हणजे ०.७५. सरासरी सुमारे ०.४२. याला सरासरी संवेदनशीलता म्हणतात. ०.३ च्या वर आकडा गेला की झाडाला वर्षागणिक बदलणारं हवामान सोसावं लागत होतं असं धरतात; खूप खाली राहिला तर वर्षं साधारण सारखी जात होती. तीन वलयं अर्थातच हिशेब समजण्यापुरती. प्रत्यक्षात निदान ३०-४० सलग वलयं असल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

पाचवी पायरी: भोकांचं वाचन

वलयांपेक्षा मला भोकं जास्त बोलकी वाटतात, निदान आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांतल्या लाकडांत.

रुंद नळीतून खूप पाणी वेगाने वर जातं. पण दुष्काळात पाण्याचा ताण वाढला किंवा हिमाने पाणी गोठलं की नळीत हवेचे बुडबुडे होतात आणि ती कायमची निकामी होऊ शकते. अरुंद नळ्या पाणी कमी नेतात, पण असंख्य असल्याने काही बंद पडल्या तरी झाड तगतं. त्यामुळे ओल्या सदाहरित जंगलातल्या झाडांत नळ्या मोठ्या आणि थोड्या, तर कोरड्या किंवा गोठणाऱ्या प्रदेशातल्यांत लहान आणि दाट. अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ शेरविन कार्लक्विस्ट यांनी १९७७ साली याचा एक सोपा निर्देशांक मांडला: नळीचा सरासरी व्यास मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत) घ्यायचा आणि एका चौरस मिलिमीटरमधल्या नळ्यांच्या संख्येने भागायचा.

करायचं असं. छेदाचा मॅक्रो फोटो पट्टीसकट काढा. त्यावर एक मिलिमीटर बाजूचा चौकोन आखा आणि आतली भोकं मोजा. कडेवरची दोन बाजूंची धरायची, दोन बाजूंची सोडायची. हे पाच वेगळ्या जागी करा. मग २५ भोकांचा व्यास मोजून सरासरी काढा. गाभ्याजवळच्या जागा टाळा, कारण कोवळ्या झाडात नळ्या मुळातच अरुंद असतात; शक्य तितकं सालीच्या बाजूला जा. दगड गाळाच्या वजनाने चेपला असेल तर भोकं अंडाकार दिसतील, ती मोजू नका.

समजा व्यास १८० मायक्रॉन आणि भोकं ६. निर्देशांक ३०: पाण्याची ददात नसलेलं झाड. समजा व्यास ६० आणि भोकं ६०. निर्देशांक १: टंचाईची सवय असलेलं झाड. मधल्या आकड्यांवर फार भर देऊ नका. आणि भोकं सागासारखी वलयाच्या सुरुवातीला ओळीने मोठी असतील तर सरासरी फसवी निघते. अशा लाकडात ओळीतली आणि नंतरची वेगळी लिहा. त्या मांडणीलाच अर्थ आहे: ठरलेल्या वेळी येणारा चांगला हंगाम आणि ठरलेल्या वेळी येणारी तंगी.

माडासारखे ठिपके मिळाले तर मोजमापाशिवाय एक गोष्ट कळते. ताडवर्गीय झाडांना कडक हिम सोसत नाही. सर्वांत थंड महिन्याचं सरासरी तापमान साधारण ५ अंश सेल्सियसच्या वर असलेल्या प्रदेशांतच ती नैसर्गिकरीत्या टिकतात. मध्य भारतात दख्खनच्या लाव्हाथरांच्या मधल्या गाळात अशी ताडाची खोडं विपुल आहेत, सुमारे ६.५ कोटी वर्षांपूर्वीची. मात्र तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता आणि उत्तरेकडे सरकत होता. जागा बदलली म्हणून हवामान बदललं, की सगळ्या पृथ्वीचंच बदललं, हा प्रश्न प्रत्येक नमुन्यापाशी स्वतःला विचारायचा.

सहावी पायरी: हे झाड इथलंच होतं का

ओंडके वाहतात. खोडाला मुळं आणि फांद्या आहेत का, ते उभं आहे की आडवं, एकाच दिशेला अनेक खोडं लोळलेली आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्या जागेचं हवामान म्हणून काही लिहू नका. लाकडात बोटभर जाडीच्या, आतून गुळगुळीत, एकमेकांना चुकवत जाणाऱ्या नळ्या दिसल्या तर तो ओंडका समुद्रात तरंगला होता. होड्यांचं लाकूड पोखरणारा टेरेडो हा शिंपल्यांच्या कुळातला जीव कोट्यवधी वर्षं हेच करत आला आहे. आपल्या रापणकारांना आणि होड्या बांधणाऱ्यांना ही भोकं दाखवली तर ते लगेच ओळखतील.

दुकानातून घेतलेल्या तुकड्याबाबत विक्रेत्याला मूळ गाव, देश विचारा. गुळगुळीत केलेली मोठी खोडं बऱ्याचदा इंडोनेशियाहून येतात. ठिकाण आणि खडकाचा थर माहीत नसेल तर झाडाने ओलावा भोगला की टंचाई, एवढं सांगता येतं. कधी आणि कुठे, हे नाही. गारेतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंचं) मोजमाप केलं तरी ते दगड होतानाच्या पाण्याबद्दल बोलतं, झाड जगत असतानाच्या पावसाबद्दल नाही.

कुठे जाऊन पाहावं

तमिळनाडूत विलुपुरम जिल्ह्यातलं तिरुवक्करै मी सगळ्यात आधी सुचवेन. सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीची जवळपास २०० खोडं तिथे आहेत. फ्रेंच निसर्ग-अभ्यासक सोनेरा यांनी १७८१ मध्ये त्यांची नोंद केली. फांद्या आणि मुळं बहुधा नाहीतच, म्हणून ही खोडं पुरात वाहून आली असं मानतात; सहावी पायरी प्रत्यक्ष पाहायला याहून चांगली जागा नाही. त्याच राज्यात पेरंबलूर जिल्ह्यात सातनूरला क्रिटेशियस काळातलं (डायनोसॉरच्या शेवटच्या युगातलं) १८ मीटर लांबीचं खोड समुद्री खडकांत पडलेलं आहे.

राजस्थानात जैसलमेरजवळचं आकल सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचं. भोवती थरचं वाळवंट आणि मध्ये जाड जाड खोडं, हा विरोध डोळ्यांनी पाहावा. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातलं घुघवा ताडांसाठी. महाराष्ट्रात गडचिरोलीच्या सिरोंचा तालुक्यात वडधम इथे डायनोसॉरच्या अवशेषांसोबत लाकडाचे जीवाश्मही आहेत. कच्छमधल्या मायोसीन खडकांत डिप्टेरोकार्प कुळातलं लाकूड सापडलं आहे. हे कूळ दमट सदाहरित रानांचं. गोव्याच्या घाटातल्या जंगलात होपियाच्या रूपात ते अजून जिवंत आहे, कच्छात मात्र आज त्याचा मागमूस नाही. गुजरातेतल्या वस्तान खाणीतला ५ कोटी वर्षांपूर्वीचा राळेचा साठाही याच कुळाचा.

कुठल्याही उद्यानातून खपली उचलू नका. फोटो काढा, पट्टी ठेवूनच.

सातवी पायरी: नोंद आणि खात्री

प्रत्येक नमुन्याला एक पान द्या. वर ठिकाण, थर, कोणाकडून मिळाला. खाली दोन रकाने: डावीकडे जे दिसलं ते, उजवीकडे त्याचा अर्थ. ‘भोकं विखुरलेली, दर चौरस मिलिमीटर ५ ते ७’ हे डावीकडे. ‘पाणी भरपूर असावं’ हे उजवीकडे. दोन्ही एकत्र लिहिलं की काही महिन्यांनी आपलाच अंदाज आपल्याला निरीक्षण वाटू लागतो.

कूळ ओळखायचं असेल तर दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा पातळ काप काचपट्टीवर चढवावा लागतो. हे काम भूशास्त्र विभागांच्या कार्यशाळांत होतं, घरी नाही. आम्लाने दगड झिजवून पापुद्रा काढायच्या पद्धती वाचायला मिळतील. त्यांत हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं, जे हाडापर्यंत इजा करतं, त्यामुळे तो मार्ग पूर्ण सोडा. काप तयार झाला की नॉर्थ कॅरोलिना राज्य विद्यापीठाच्या ‘इनसाइडवुड’ या मोफत संग्रहात वैशिष्ट्यं एकेक करून भरा. त्यात आजच्या आणि जीवाश्म दोन्ही लाकडांची चित्रं आहेत. उत्तर एकच नाव म्हणून येत नाही, पाच-सात शक्यता येतात, आणि त्या सगळ्यांचे आजचे नातेवाईक कुठल्या पावसात, कुठल्या तापमानात राहतात ते शोधून त्यांचा समाईक टापू काढायचा असतो.

पुढच्या मतासाठी पुण्याची आघारकर संशोधन संस्था आणि लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था. वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनी यांनी १९४६ मध्ये लखनौची संस्था उभी केली, ३ एप्रिल १९४९ ला जीवाश्म जडवलेली कोनशिला बसली आणि आठवड्याभरात ते गेले. तिथे पत्र पाठवताना मूळ दगड पाठवू नका: तिन्ही छेदांचे पट्टीसकट फोटो, ठिकाणाची नोंद आणि वहीतलं डावीकडचं पान पुरतं. उजवीकडचं त्यांनी विचारलं तर द्या.